मुळाच्या छाटापासून रोपं: कोकणातल्या परसबागेसाठी

नीरफणसाला बी नसते. घरच्या बागेत त्याची फांदी रुजवणंही फार जिकिरीचं. तरी वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत कितीतरी घरांमागे हे झाड डौलात उभं आहे आणि त्याची रव्यात घोळवलेली कापं ताटात पडतात. यातली बहुतेक झाडं मुळांपासून वाढलेली आहेत. कोणीतरी शेजारच्या झाडाचं मूळ दुखावलं, त्याला फुटवा आला, तो खणून आणून परसात लावला. १७८७ साली इंग्रजांनी नीरफणस आणायला ताहितीकडे 'बाउंटी' जहाज धाडलं, तेव्हाही त्यांना कुंड्यांतून जिवंत रोपंच न्यावी लागली. १७८९ मध्ये जहाजावर बंड झालं आणि ती रोपं समुद्रात गेली. कॅप्टन ब्लायने दुसऱ्या सफरीत, १७९३ मध्ये, नवी रोपं वेस्ट इंडीजला पोचवली.

आंब्याचं कोय कलम, काजूचं मृदुकाष्ठ कलम आपल्याकडे पोराटोरांच्या कानावर असतं. मुळाच्या छाटाकडे, म्हणजे मुळाचा तुकडा लावून रोप करण्याकडे, मात्र फारसं कोणी वळत नाही. खरं तर हौशी माणसाला यासारखी सोपी पद्धत नाही. बांधणं नाही, पट्टी नाही, डोळा जुळवणं नाही. एका मुळातून पाच-सात रोपं होतात आणि ती गुणांनी हुबेहूब आईसारखी. यात अपयश येतं ते मुख्यतः दोन ठिकाणी: चुकीच्या झाडाचं मूळ घेतलं जातं, नाहीतर तुकडे पाण्याने कुजतात. म्हणून या दोन गोष्टी सावकाश सांगते, बाकीचं भराभर.

कोणत्या झाडाचं मूळ घ्यावं

सगळ्या झाडांच्या मुळांना पालवी फुटत नाही. कोणत्या झाडाला फुटते हे झाड स्वतःच सांगतं. बुंध्यापासून हात-दोन हात लांब, जमिनीतून आपोआप फुटवा वर आलेला दिसतो का पाहा. दिसला तर त्याच्या बुडाशी हलक्या हाताने माती उकरा. त्याला स्वतःचं सरळ खाली गेलेलं मूळ असेल, तर ते बियांचं रोप आहे, पक्ष्याने नाहीतर वाऱ्याने पेरलेलं. तो फुटवा एखाद्या आडव्या मुळाला चिकटलेला असेल, तर झाड तुमच्या कामाचं आहे.

आपल्याकडे या परीक्षेत उतरणारी झाडं बरीच आहेत. कढीपत्ता सगळ्यांत भरवशाचा, पहिला प्रयोग त्याच्यावरच करा. बेल, बुचाचं झाड, मधुमालती, हजारी मोगरा, कृष्णकमळ, सर्पगंधा आणि अर्थात नीरफणस. माड, पोफळ आणि केळ यांच्या मुळांच्या वाटेला जाऊ नका. केळीचं पिल्लू मुळातून येत नाही, कंदातून येतं.

इथे नवख्यांचा नेहमी एक घोळ होतो. जमिनीखाली असलेलं सगळं मूळ नव्हे. हळद, आलं, सोनटक्का, कर्दळ यांचं जे आपण तोडून लावतो ते जमिनीतलं खोड असतं. त्यावर पेरं आणि डोळे असतात आणि डोळा असलेला तुकडाच फुटतो. मुळावर डोळे नसतात, ते नवीन डोळा तयार करतं. याच्या उलट शतावरी. तिची पांढरी, जाड मुळं पाहून वाटतं की एकेक लावलं की काम झालं. पण वरचा गड्डा सोबत नसेल तर ती मातीत तशीच पडून राहतात आणि शेवटी कुजतात. डेलियाच्या कंदांचंही तसंच.

आणखी दोन सावधगिरी. झाड कलमी असेल तर त्याचं मूळ खुंटाचं, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचं, असतं. चिकू आपल्याकडे खिरणीवर बांधतात, म्हणजे त्याच्या मुळाशी फुटेल ती खिरणी. कलमी गुलाबाच्या मुळातून रानटी खुंटच वर येतो. दुसरं म्हणजे दुरंगी पानांची झाडं. पांढऱ्या नाहीतर पिवळ्या पट्ट्यांची पानं असलेल्या कित्येक झाडांना मुळातून साधी हिरवी पालवी येते, कारण तो रंग वरच्या पेशींच्या थरात असतो आणि नवीन डोळा आतल्या थरातून निघतो. रंगासाठीच झाड हवं असेल, तर फांदीचं छाट लावा.

वेळ कोणती धरावी

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत मुळाचं छाट भर हिवाळ्यात घ्यायला सांगतात. फ्लॉक्स, ओरिएंटल पॉपी, जपानी ॲनिमोन ही तिकडची बहुवर्षायू फुलझाडं थंडीत वरून वाळतात आणि सगळा साठा मुळांत ठेवून झोपतात. हे तत्त्व आपल्याकडेही लागू पडतं, महिने मात्र जुळत नाहीत. मुळाचा तुकडा म्हणजे शिधा बांधून दिलेला प्रवासी. पानं येऊन ती कामाला लागेपर्यंत त्याला त्या शिद्यावरच जगायचं असतं. म्हणून साठा भरलेला असताना मूळ काढायचं.

कोकणात ती वेळ माघाच्या अखेरीपासून शिमग्याच्या आसपासपर्यंत, म्हणजे चैत्रपालवी फुटायच्या आधी. एकदा झाडावर कोवळी पानं आली की मुळांतला बराचसा साठा वर गेलेला असतो. शिवाय शिमग्यापासून मृग नक्षत्रापर्यंत अडीच-तीन महिने मिळतात. तेवढ्यात तुकडे फुटून, मुळं धरून पावसाला तोंड द्यायला तयार होतात. हे गणित मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वैशाखात लावलेले तुकडे अर्धवट फुटलेल्या अवस्थेत पावसात सापडतात आणि तिथेच जातात.

ही वेळ हुकली तर दिवाळीनंतर दुसरी संधी आहे. पावसाळ्यात झाडाने भरपूर साठवलेलं असतं, मातीत ओल असते आणि खणायलाही सोपं जातं. फक्त थंडीत फुटायला जास्त वेळ लागतो. भर पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका.

मूळ काढणं

आदल्या दिवशी संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी घाला. जांभ्याची माती फाल्गुनात दगडासारखी होते, कोरड्यात खणलं की मूळ सोलवटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर खुरप्याने माती सैल करत जा. पहार वापरायची तर माती हलवण्यापुरतीच. आडवं जाणारं मूळ लागलं की त्याच्या कडेकडेने पुढे सरका.

कढीपत्त्याचं मूळ पेन्सिलीइतकं जाड असलं की पुरे. करंगळीइतकं असेल तर उत्तम. एका बाजूचं एखादं मूळ घ्या, लहान झाडाच्या तर चौथ्या हिश्शापेक्षा जास्त मुळांना हात लावू नका. मुळावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते झाड सोडा, ती सूत्रकृमींची लागण असते आणि तुकड्याबरोबर ती नव्या रोपात जाते. मूळ काढून झालं की खड्डा लगेच बुजवा, पायाने दाबा, वर पातेरा पसरून पाणी द्या. काढलेलं मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हात ते थोड्या वेळातच सुकतं.

कापताना वर-खाली सांभाळा

मुळाला वरचं टोक आणि खालचं टोक असतं आणि मातीत गाडल्यावरही ते ही दिशा सोडत नाही. बुंध्याकडच्या टोकाला पालवी येते, लांबच्या टोकाला मुळं. पटत नसेल तर एक रताळं घ्या. रताळं हे खरंच मूळ आहे. ओलसर रेतीत ते आडवं ठेवलं तर कोंब मुख्यतः एकाच टोकाला दाटीने येतात, वेलाला जोडलेलं असतं त्या टोकाला. मुलांना दाखवायलाही हा छान प्रयोग आहे.

तुकडे करताना म्हणून एक शिस्त पाळायची: बुंध्याकडचा काप सरळ, लांबचा काप तिरपा. प्रत्येक तुकड्याला, न विसरता. तुकडे एकदा टोपलीत मिसळले की नुसत्या नजरेने टोकं ओळखता येत नाहीत. लांबी कढीपत्ता, मधुमालती, हजारी मोगऱ्यासाठी ८ ते १० सेंटिमीटर. बारीक तंतुमुळं कात्रीने काढून टाका. चाकू धारदार हवा, बोथट पात्याने साल चेपते आणि कूज तिथूनच सुरू होते.

कापल्यावर काप नीट पाहा. जिवंत मूळ आतून पांढरट-पिवळसर, ओलसर आणि घट्ट असतं. साल नखाने खरवडली तरी गाभ्याला धरून राहते. तपकिरी रंग, आंबूस वास किंवा सालीचा पोकळ नळा सुटून येणं ही मेलेल्या मुळाची खूण. तो तुकडा इतरांत मिसळू नका.

तुकडे १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक घालून पाच-दहा मिनिटं बुडवा आणि सावलीत कागदावर पसरून काप सुकू द्या. हातमोजे घाला. मुळं फुटण्याची पावडर इथे लावू नका. ती मुळं फुटायला मदत करते, पण डोळा निघायला अडवते, आणि आपल्याला आधी डोळाच हवा आहे.

माती, पेटी आणि लावणी

दोन भाग नदीची किंवा वहाळाची जाड रेती, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग चाळलेली तांबडी माती. भुसा दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यातलं मीठ तुकड्यांना मारतं. शेणखत, गांडूळखत काहीही घालायचं नाही. तुकड्याला या घडीला खताची गरज नाही आणि अशा खतात कूज लवकर धरते.

भांड्यासाठी आंब्याची रिकामी लाकडी पेटी मला सगळ्यांत सोयीची वाटते. फटींमधून पाण्याचा निचरा आपोआप होतो, तळाला सुंभाचा पातळ थर दिला की रेती सांडत नाही. ती जमिनीवर टेकवू नका, चार चिऱ्यांवर ठेवा. फाल्गुन-चैत्रात वाळवी ओल शोधत फिरत असते आणि तिला मुळाचा तुकडा फार आवडतो. चिऱ्यांवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या की लगेच पुसून काढा.

जाड तुकडे उभे लावा, सरळ काप वर, टोक मातीच्या पातळीला. वरून १ सेंटिमीटर जाडीचा नुसत्या रेतीचा थर द्या. बारीक तुकडे आडवे ठेवून २ ते ३ सेंटिमीटर रेतीखाली झाका. एखाद्या तुकड्याचं वर-खाली कोणतं हे कळेनासं झालं तर तोही आडवाच ठेवा, तो आपली दिशा शोधून घेतो. दोन तुकड्यांत चार बोटं अंतर पुरे. झाडाचं नाव आणि तारीख लिहून पाटी खोचा.

एकदा झारीने निथळेपर्यंत पाणी द्या. मग बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पुन्हा द्या. पडवीत किंवा झावळ्यांच्या मांडवाखाली, जिथे उजेड आहे पण दुपारचं ऊन नाही, अशी जागा हवी. ज्यांच्या घरी दुपारी हातात पाइप घेऊन सगळ्या झाडांवरून फिरायची सवय आहे, त्यांनी ही पेटी त्या वाटेवर ठेवूच नये. पानं नसलेल्या तुकड्याला पाणी फारच थोडं लागतं.

फुटल्यावर घाई नको

कढीपत्ता साधारण तीन ते सहा आठवड्यांत डोकं वर काढतो. त्याआधी काय चाललंय हे बघायचंच असेल, तर एका तुकड्यावरची रेती फुंकरीने बाजूला करा. सरळ कापाच्या कडेला, साल आणि गाभा यांच्या मधल्या कड्यावर फिकट पिवळी सूज दिसते आणि तिच्यात टाचणीच्या डोक्याएवढे दोन-चार फुगवटे. तेच पुढचे कोंब. पाहून झालं की रेती परत ओढा.

हिरवा कोंब वर आला म्हणजे रोप तयार झालं असं नाही. मुळाच्या छाटात पालवी आधी येते, नवी मुळं नंतर. मधले काही आठवडे ते पान जुन्या साठ्यावर उभं असतं. याच काळात लोक उत्साहाने तुकडा उपटून पिशवीत लावतात आणि दोन दिवसांत पान गळतं. पाच-सहा चांगली पानं येऊ द्या, पेटीच्या फटींतून पांढरी मुळं डोकावू द्या. एका तुकड्याला तीन-चार कोंब आले तर जोमदार एक ठेवून बाकीचे खुडा. मग पिशवीत नेताना नेहमीची माती आणि थोडं कुजलेलं शेणखत चालतं.

पहिला पावसाळा

किनारपट्टीवर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. नव्या रोपाला इथे तहानेपेक्षा पाण्याचं भय जास्त. मृगाआधी पिशव्या पडवीत घ्या, पण पागोळ्यांच्या रेषेपासून आत. पागोळीची धार माती उडवून मुळं उघडी पाडते. पिशवीच्या तळाला आणि बाजूंनाही भोकं आहेत ना ते तपासा.

गोगलगाई हा दुसरा त्रास. एका रात्रीत कोंब कुरतडून खुंट ठेवतात. राख किंवा चुन्याची रेघ दमट हवेत टिकत नाही. जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन त्या हाताने वेचणं हाच खात्रीचा उपाय.

श्रावणात ऊनपाऊस सुरू झाला की कढीपत्ता, मधुमालती, बेल जमिनीत लावता येतात. दीड फूट खड्डा, तळाला पातेरा, वर माती उंचवट्यासारखी. घर समुद्राच्या अगदी जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला पहिलं वर्षभर विणलेल्या झापाचा आडोसा करा. हजारी मोगरा आणि मधुमालती गडग्याच्या कडेला, एकटी असतील अशी लावा. त्यांची मुळं स्वतःहूनच पसरतात आणि छाटताना उरलेले तुकडे वहाळात किंवा उकिरड्यावर टाकले तर तिथेही रुजतात. उरलेलं वाळवून चुलीत घाला.

तीन झाडांसाठी वेगळं काही

नीरफणसाचं मूळ जाड घ्या, अंगठ्याएवढं किंवा त्याहून थोडं मोठं, आणि तुकडे १५ ते २० सेंटिमीटरचे करा. झाडावर फळं नसतील आणि नवी पानं निघत नसतील अशी वेळ साधा. कापलं की पांढरा चीक धो-धो येतो. तुकडे पाण्यात धुवा, चीक थांबेपर्यंत सावलीत ठेवा, मगच रेतीत आडवे नाहीतर तिरके लावा. हे झाड सावकाश फुटतं, दोन-तीन महिने सहज लागतात. त्याला मोठ्या पिशवीत पूर्ण एक वर्ष सांभाळा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर लावा. दोन झाडांत २५ ते ३० फूट जागा हवी. तुकडे करायची भीती वाटत असेल तर जुनी रीत आहेच: वरवर धावणाऱ्या मुळाला कोयत्याचा एक घाव घाला, जागच्या जागी राहू द्या, फुटवा आला आणि त्याला स्वतःची मुळं धरली की दोन्ही बाजूंनी तोडून उचला.

सर्पगंधेचे तुकडे लहान चालतात, ५ सेंटिमीटरपर्यंतचे, आडवे लावलेले. १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे रक्तदाबावरचं औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं, तेव्हापासून मुळांसाठी तिची रानातून अफाट खोदाई झाली आणि ती दुर्मीळ होत गेली. म्हणून रानातलं झाड उपटून आणू नका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा एखाद्या चांगल्या रोपवाटिकेत चौकशी करा, एक रोप मिळवा आणि ते मोठं झाल्यावर त्याच्या मुळांतून पुढची रोपं करा. हे मूळ घरगुती औषध म्हणून स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नका, मुलांच्या हातालाही लागू देऊ नका.

कर्टोलीचं प्रकरण निराळं. तिच्यात नर वेल आणि मादी वेल वेगवेगळे. बी पेरलं तर फूल येईपर्यंत कळत नाही आणि जवळजवळ अर्धे वेल नर निघतात, म्हणजे फळाविना. जमिनीखाली तिचं मूळ कंदासारखं फुगतं. वेल वाळला तरी ते उन्हाळाभर जिवंत राहतं आणि पाऊस जवळ आला की पुन्हा कोंब काढतं. मादी वेलाचे हे मुळकंद लावले की मादी वेलच मिळतात. साधारण दहा मादी वेलांना एक नर वेल ठेवावा लागतो, नाहीतर फळ धरत नाही. अडचण एवढीच की कंद काढायचे उन्हाळ्यात, आणि तेव्हा जमिनीवर ओळखण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. म्हणून खूण आधीच्या पावसाळ्यात करायची. वेल फुलावर असताना पिवळ्या फुलाच्या देठाशी पाहा. पाकळ्यांखाली काटेरी, शेंगदाण्याएवढं इवलं फळ असेल तर ती मादी. नुसता देठ असेल तर नर. मादीच्या बुडाशी जमिनीत लाल नायलॉन दोरी बांधलेली खुंटी ठोका, नराला निळी. सुतळी बांधू नका, पावसात कुजून जाते.